पुढचा फटका

प्रस्तावना : गोल्फच्या खेळात प्रतिस्पर्धी आपल्या चेंडूला हातही लावू शकत नाही. तरीही या खेळात चांगले चांगले खेळाडू हरतात. ते कोणाकडून हरतात? अमेरिकेतील बॉबी जोन्स या खेळाडूच्या जीवनातून या प्रश्नाचे उत्तर मिळते. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलामुलींनी सराव कसा करावा आणि मन कसे सांभाळावे, हे या पाठात सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो,

क्रिकेट, कबड्डी, खो-खो हे खेळ तुम्ही नेहमी खेळता. गोल्फ मात्र तुमच्यापैकी थोड्याच जणांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. मुंबईत चेंबूरला आणि पुण्यात येरवड्याला गोल्फची मोठी मैदाने आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ फार सोपा वाटतो. चेंडू जमिनीवर स्थिर असतो. त्याच्यामागे कोणी धावत नाही. तो कोणी अडवत नाही. खेळाडूने फक्त काठीने चेंडू मारायचा आणि दूरच्या एका खळग्यात घालायचा. यात कठीण ते काय, असे तुम्हांला वाटेल. ते कठीण का आहे, हेच आपल्याला आज पाहायचे आहे.

प्रथम खेळ समजून घेऊ. गोल्फच्या मैदानावर अठरा टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याला 'होल' म्हणतात. होलच्या सुरुवातीला चेंडू ठेवून पहिला फटका मारतात. शेवटी बारीक कापलेल्या गवताची हिरवळ असते. तिला 'ग्रीन' म्हणतात. गोट्या खेळताना आपण जमिनीत करतो तसा एक छोटा खळगा या हिरवळीत असतो. त्याची रुंदी १०.८ सेंटीमीटर असते. चेंडूची रुंदी सुमारे ४.३ सेंटीमीटर असते. वाटेत झाडे, उंच गवत, पाणी आणि वाळूचे खड्डे असतात. कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालणारा खेळाडू जिंकतो.

चांगल्या खेळाडूला एखाद्या होलसाठी किती फटके लागावेत, ते आधीच ठरवलेले असते. त्या संख्येला 'पार' म्हणतात. जवळच्या होलचा पार तीन असतो, मधल्याचा चार आणि लांबच्याचा पाच. अठरा होलचा पार बहुतेक मैदानांवर बहात्तरच्या आसपास असतो.

आता एक हिशेब करा. अठरा होल खेळायला साधारण चार तास लागतात. चेंडूवर काठी फिरवायला दोन सेकंदही लागत नाहीत. म्हणजे बहात्तर फटक्यांना मिळून अडीच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. मग उरलेल्या वेळात खेळाडू काय करतो? तो चालतो, थांबतो आणि विचार करतो. चुकलेला फटका त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येतो. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर आला की विचार करायला वेळच नसतो. गोल्फमध्ये वेळच वेळ असतो, आणि हा मोकळा वेळच खेळाडूचा खरा शत्रू ठरू शकतो.

एका मुलाला हे कळायला सात वर्षे लागली. त्याचे नाव बॉबी जोन्स.

बॉबीचा जन्म १९०२ साली अमेरिकेतील अटलांटा शहरात झाला. लहानपणी तो अशक्त होता. ईस्ट लेक येथील गोल्फच्या मैदानाजवळ त्याचे कुटुंब राहत असे. तेथे स्टुअर्ट मेडन नावाचे स्कॉटलंडचे एक शिक्षक होते. छोटा बॉबी त्यांच्या मागे मागे फिरे. त्यांनी काठी कशी धरली, अंग कसे वळवले, ते तो लक्ष देऊन पाही आणि घरी येऊन तसेच करी. सहाव्या वर्षी त्याने मुलांची पहिली स्पर्धा जिंकली. चौदाव्या वर्षी, म्हणजे १९१६ साली, त्याने जॉर्जिया राज्याची स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी मेरियन येथे अमेरिकेची राष्ट्रीय हौशी स्पर्धा झाली. या स्पर्धेत तो मोठ्या माणसांविरुद्ध खेळला. त्याने पहिले दोन सामने जिंकले. तिसऱ्या सामन्यात आदल्या वर्षीच्या विजेत्याने त्याला हरवले. या मुलाचा फटका पाहून लोक थक्क झाले.

परंतु लोकांनी आणखीही एक गोष्ट पाहिली. बॉबी फार तापट होता. फटका चुकला की तो काठी फेकून देई. मेरियन येथील त्याचा पहिला प्रतिस्पर्धीही तसाच तापट होता. दोघांनीही त्या सामन्यात काठ्या फेकल्या. समोरच्याच्या काठ्या आधी संपल्या म्हणून आपण जिंकलो, असे जोन्स पुढे गमतीने सांगत असे. त्या वेळी मात्र ती गंमत नव्हती. त्यानंतरची सहा-सात वर्षे त्याला एकही मोठी स्पर्धा जिंकता आली नाही. त्याचा फटका उत्तम होता, अंगात ताकद होती, खेळाची समजही होती. तरीही ऐन वेळी त्याचा तोल जाई आणि डाव हातचा निघून जाई.

१९२१ साली बॉबी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे खेळायला गेला. गोल्फ खेळणाऱ्यांना सेंट अँड्र्यूजबद्दल फार आदर वाटतो. तिसऱ्या फेरीत त्याचा खेळ बिघडला. पहिल्या नऊ होलला त्याला ४६ फटके लागले. अकराव्या होलवर त्याचा चेंडू वाळूच्या खोल खड्ड्यात पडला. फटक्यामागून फटके मारूनही मनासारखे होईना. शेवटी त्याने रागाने चेंडू उचलून घेतला आणि स्पर्धा सोडून दिली. त्याच वर्षी अमेरिकेतील एका स्पर्धेत त्याने रागाने फेकलेली काठी उसळून एका प्रेक्षक स्त्रीच्या पायाला लागली. तेव्हा अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला पत्र लिहून त्याची कानउघाडणी केली. रागाला आवर घातल्याशिवाय आमच्या स्पर्धांत खेळता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले.

विचार करा. एकोणीस वर्षांचा तो तरुण. सगळा देश त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहत होता. आता त्याच्यापुढे खेळाचे दारच बंद होण्याची वेळ आली होती, आणि ते कोणा शत्रूने नव्हे, त्याचे त्यानेच ओढून घेतले होते.

मग त्याने काय केले? त्याने आपला फटका बदलला नाही, खेळाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. हळूहळू त्याच्या लक्षात आले, की समोरचा खेळाडू आपला प्रतिस्पर्धी नाहीच. त्याने किती लांब मारले, त्याचे नशीब किती चांगले, याच्याशी आपल्याला काय करायचे? आपला सामना 'पार'शी आहे. जोन्सने या प्रतिस्पर्ध्याला 'म्हातारा पार' असे नाव ठेवले. या म्हाताऱ्याला राग येत नाही. त्याला टाळ्याही नको असतात. तो शांतपणे एकेक होल खेळत पुढे जातो. त्याच्याबरोबर चालायचे असेल तर आपल्यालाही तसेच चालावे लागते. चुकलेला फटका परत घेता येत नाही. आपल्या हातात असतो तो फक्त पुढचा फटका.

या विचाराची परीक्षा १९२३ साली झाली. न्यूयॉर्कजवळ इनवुड येथे अमेरिकन ओपन ही स्पर्धा होती. अखेरच्या होलवर जोन्सला सहा फटके लागले. त्या होलचा पार चार होता. हातातोंडाशी आलेला विजय निसटला आणि बॉबी क्रुकशँक या खेळाडूशी त्याची बरोबरी झाली. पूर्वीचा बॉबी असता तर तो चिडला असता आणि दुसऱ्या दिवशी हरला असता. दुसऱ्या दिवशी दोघांमध्ये पुन्हा अठरा होलचा सामना झाला. सतरा होलनंतरही दोघे बरोबरीत होते. आता आदल्या दिवशी दगा दिलेलाच होल समोर होता. जोन्सचा चेंडू उंच गवताच्या कडेला, उघड्या मातीवर पडला होता. ग्रीन सुमारे १९० यार्ड दूर, आणि मध्ये पाणी. त्याने फार वेळ घेतला नाही. काठी निवडली, दिशा पाहिली आणि फटका मारला. चेंडू पाण्यावरून जाऊन खळग्याच्या अगदी जवळ थांबला. जोन्स जिंकला. त्याची ती पहिली मोठी स्पर्धा होती.

त्यानंतर १९३० पर्यंत जोन्सने एकूण तेरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९३० या एकाच वर्षी त्याने ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या खुल्या व हौशी अशा चारही स्पर्धा जिंकल्या. खेळासाठी त्याने कधी बक्षिसाचे पैसे घेतले नाहीत. शिक्षणही सोडले नाही. त्याने अभियांत्रिकी, साहित्य आणि कायदा यांचा अभ्यास केला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. मन शांत ठेवणे म्हणजे भीती न वाटणे नव्हे. मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात जोन्सला नीट जेवण जात नसे. ताणामुळे त्याचे वजन कित्येक पौंडांनी घटत असे. भीती त्यालाही वाटे, फक्त तो ती हातातल्या काठीपर्यंत पोहोचू देत नसे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी हा खेळ शिकत असेल, स्पर्धेत उतरत असेल, तर त्याने पुढील चार गोष्टी अंगी बाणवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे योग्य सराव. मुलांना लांब फटके मारायला आवडते. चेंडू उंच उडाला की बरे वाटते. पण पारचा हिशेब पाहा. प्रत्येक होलच्या पारमध्ये ग्रीनवरचे दोन हलके फटके धरलेले असतात. अठरा होलचे झाले छत्तीस. म्हणजे बहात्तरपैकी निम्मे फटके ग्रीनवरचे! तेव्हा सरावाचा निम्मा वेळ ग्रीनवर आणि ग्रीनच्या आसपास घालवावा. एक मीटरवरून सलग दहा चेंडू खळग्यात घालावेत. नववा चुकला तर पुन्हा एकपासून मोजावे. दहाव्या चेंडूच्या वेळी छाती धडधडू लागते. स्पर्धेतही अशीच धडधडते. ती सवय सरावातच व्हायला हवी.

दुसरी गोष्ट, वहीत हिशेब ठेवणे. समजा, एका मुलीला एका फेरीत ८८ फटके लागले. तिला वाटते, आपले लांब फटके वाईट आहेत. घरी येऊन तिने वहीत मांडणी केली. ग्रीनवरचे फटके ४०, दंडाचे फटके ४, बाकीचे सर्व ४४. आता तिच्या लक्षात येते, की ग्रीनवरचे चार आणि दंडाचे चार, असे आठ फटके वाचवले तर ८८ चे ८० होतात. त्यासाठी लांब फटका एक हातही वाढवावा लागत नाही. रडून चूक सापडत नाही, वहीत सापडते. 'मी जिंकणारच' असे ठरवणेही पुरेसे नाही, कारण दुसरा कसा खेळेल ते आपल्या हातात नसते. 'ग्रीनवरचे फटके छत्तीसच्या आत आणीन' हे मात्र आपल्या हातात असते.

तिसरी गोष्ट, प्रत्येक फटक्याआधी सारखीच तयारी करणे. चेंडूच्या मागे उभे राहून दिशा पाहावी. एक दीर्घ श्वास घ्यावा. काठी एकदा हलकेच फिरवून पाहावी. मग चेंडूजवळ उभे राहून फटका मारावा. सरावाचा फटका असो की अंतिम सामन्याचा, हा क्रम बदलू नये. ठरलेले काम हाती असले की मन इकडेतिकडे भटकत नाही. फटका चुकलाच तर काय चुकले ते एकदा पाहावे आणि चालायला लागावे. पुढच्या चेंडूपर्यंत पोहोचण्याच्या आत राग वाटेतच सोडून द्यावा.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी आहे. ती म्हणजे इमान. गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच नसतो. चेंडू झाडीत असतो तेव्हा कोणी पाहतही नाही. आपली चूक आपणच सांगायची असते आणि गुणपत्रकावर सही करायची असते. १९२५ साली वूस्टर येथे अमेरिकन ओपन स्पर्धा चालू होती. उंच गवतात जोन्स फटक्याच्या तयारीत उभा होता. इतक्यात चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. त्या काळच्या नियमाप्रमाणे याला एका फटक्याचा दंड होता. जोन्सने स्वतः होऊन ते सांगितले. अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि निर्णय त्याच्यावरच सोपवला. त्याने दंड कबूल केला. स्पर्धेच्या शेवटी विली मॅकफर्लेनशी त्याची बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक सामन्यात तो एका फटक्याने हरला. तो दंड घेतला नसता तर बरोबरी झालीच नसती, जोन्स सरळ जिंकला असता. लोक त्याची स्तुती करू लागले. ती त्याला आवडली नाही. चोरी न करणाऱ्याचे कोणी कौतुक करते का, असा त्याचा सवाल होता.

चार वर्षांपूर्वी हाच तरुण चेंडू उचलून निघून गेला होता. आता तो एका फटक्यासाठी अजिंक्यपद गमावायला तयार होता. या चार वर्षांत जो खेळाडू घडला, तो ताकदीने घडला नाही.

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे, असे आपण ऐकतो. त्याला खर्च येतो, हे खरे आहे. पण आपल्या देशातील अली शेर यांची गोष्ट ऐका. ते दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होते, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी उचलून त्यांच्याबरोबर चालत. दुसऱ्यांचा खेळ पाहत ते शिकले. १९९१ साली त्यांनी इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. भारतीय व्यावसायिक खेळाडूने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. १९९३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली.

बंगळूरची अदिती अशोक ही २०१६ साली वयाच्या अठराव्या वर्षी ऑलिंपिकमध्ये खेळली. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले, तेव्हा तिची पिशवी तिच्या आईने उचलली होती. चार दिवस अदिती जगातील उत्तम खेळाडूंच्या बरोबरीने खेळली आणि शेवटी चौथी आली. तिचे पदक केवळ एका फटक्याने हुकले. त्या शेवटच्या दिवशी आपल्या देशातील असंख्य लोकांनी प्रथमच गोल्फचा खेळ मन लावून पाहिला.

आता जोन्सकडे पुन्हा वळू. १९२७ साली सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश ओपन स्पर्धा झाली. ज्या मैदानातून तो रागाने निघून गेला होता, तेथेच तो जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले. हा चषक येथेच राहू द्यावा, अशी त्याने विनंती केली. पुढे त्यांना मज्जारज्जूचा आजार झाला आणि चालणे अवघड झाले. १९५८ साली सेंट अँड्र्यूजच्या नागरिकांनी त्यांना आपल्या नगराचे सन्माननीय नागरिकत्व दिले. १९७१ साली त्यांचे निधन झाले. त्या मैदानावरील दहाव्या होलला आज त्यांचे नाव आहे. त्याच्या पुढचाच होल अकरावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही गोल्फ खेळा अथवा न खेळा, असा अकरावा होल प्रत्येकाच्या वाट्याला येतो. परीक्षेत गणिताचा पहिलाच प्रश्न चुकतो. कबड्डीत पहिल्याच चढाईत आपण बाद होतो. तेव्हा कागद बाजूला सारून उठावेसे वाटते. त्या वेळी स्वतःला एवढेच विचारा, माझा पुढचा फटका कोणता?

शब्दार्थ

हौशी – पैशासाठी नव्हे, आवडीसाठी खेळणारा
प्रतिस्पर्धी – विरुद्ध बाजूचा खेळाडू
तापट – लवकर रागावणारा
निर्णायक – शेवटचा निकाल ठरवणारा
इमान – सचोटी, प्रामाणिकपणा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'पार' म्हणजे काय?
(आ) बॉबी जोन्स कोणाचा खेळ पाहून शिकला?
(इ) अली शेर यांनी इंडियन ओपन स्पर्धा प्रथम कोणत्या साली जिंकली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गोल्फमधील मोकळा वेळ हा खेळाडूचा शत्रू का ठरू शकतो?
(आ) १९२१ साली बॉबीला पत्र का आले?
(इ) वूस्टर येथील स्पर्धेत जोन्स का हरला?

प्र. ३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
थक्क होणे, तोल जाणे, आवर घालणे, कानउघाडणी करणे.

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
सोपा, स्तुती, विजय, शांत.

प्र. ५. 'चोरी न करणाऱ्याचे कोणी कौतुक करते का?' या प्रश्नावर तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.

उपक्रम : तुमच्या आवडीच्या खेळाचा आठवडाभर सराव करा. रोज काय चुकले आणि काय जमले, याची वहीत नोंद ठेवा. आठवड्याच्या शेवटी ती नोंद वर्गात वाचून दाखवा.